पुढून ओढणारी मोटार

मित्रांनो, नंदुरबार स्टेशनाच्या मालधक्क्याजवळ भंगाराचा एक ढीग आहे. त्याच्या कडेला काळ्या रंगाची, काचा फुटलेली, एका दिव्याची जुनी मोटार तुम्ही पाहिली असेल. ती मी. माझ्या शेजारी एका सर्व्हिस मोटारीचा, म्हणजे उतारू नेणाऱ्या भाड्याच्या गाडीचा, लांब लोखंडी दांडा पडलेला आहे. तो दांडा माझा नाही. माझ्या अंगात तसा दांडा कधीच नव्हता. माझ्या आयुष्यात जे घडले, ते त्या एका फरकामुळे घडले. म्हणून आधी तो फरक सांगते.

माझ्या काळच्या बहुतेक मोटारींचे इंजिन पुढे असे आणि जोर मात्र मागच्या चाकांना मिळे. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत तळाखालून एक लांब दांडा जाई. इंजिन फिरले की दांडा फिरे, दांडा फिरला की मागची चाके फिरत, आणि ती गाडीला पुढे ढकलत. पुढची चाके फक्त वळण्यापुरती. माझे तसे नव्हते. समुद्रापलीकडच्या ज्या कारखान्यात १९३५ साली माझी जुळणी झाली, तेथल्या लोकांनी इंजिनाचा सगळा जोर पुढच्याच चाकांना दिला. माझी पुढची चाके वळत आणि गाडीला ओढतही. मागची दोन नुसती मागोमाग येत.

बोटीतून मी मुंबईला उतरले. तेथून सुरतेच्या एका डॉक्टरांकडे अडीच वर्षे राहिले. त्यांनी मला विकायला काढले, तेव्हा प्रकाशा गावचे प्रेमचंद पाटील मला पाहायला आले. त्यांची तापीकाठी कापसाची आणि केळीची मोठी शेती होती. गाव त्यांना आप्पा म्हणे. त्यांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडून पुन्हा लावले, त्याचा आवाज ऐकला आणि मान हलवली. १९३८ च्या चैत्रात मी आगगाडीच्या उघड्या डब्यातून नंदुरबारला आले.

मला उतरवून घ्यायला भटू आला होता. पंचविशीचा, किरकोळ अंगाचा, थोडा तोतरा. सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून त्याने सात वर्षे काढली होती. ड्रायव्हरचे लायसन मिळवायला तो दोनदा धुळ्याला गेला आणि दोनदा नापास होऊन परत आला, कारण साहेबासमोर त्याची जीभ अडकली. तिसऱ्या खेपेला साहेब बदलला होता. ते लायसन म्हणजे लहानसे पुस्तक होते. भटू ते मेणकापडात गुंडाळून माझ्या दाराच्या खिशात ठेवी आणि गाडी चालू करण्याआधी त्यावर एकदा हात ठेवी. त्याच्या घराण्यात लिहिलेला कागद मिळवणारा तो पहिलाच होता.

पहिल्या दिवशी आप्पांनी त्याला सांगितले, "भटू, गाडी नवी शे, तू बी नवा शे. एक बी अपघात जर व्हयना, ते मी जाऊ दिसू, पन सरकार तुन्हाकडे लायसन ठेवाव नही."

भटू म्हणाला, "माहीत शे आप्पा."

माझ्याबरोबर आलेल्या सुरतेच्या मिस्त्रीने परत जाताना त्याला बजावले होते की या गाडीचा स्वभाव उलटा आहे, वजन पुढे ठेव. ते भटूने ऐकून घेतले. पण खरे शिकला तो तापीच्या पात्रात.

तेव्हा नंदुरबारहून प्रकाशाला येताना उन्हाळ्यात नदीच्या पात्रातूनच यावे लागे. आधी अर्धा फर्लांग वाळू, मग गुडघाभर पाणी, आणि मग गावाकडचा चिकणमातीचा उभा चढ. सर्व्हिस मोटारींची एक रीत ठरलेली होती. वाळू आली की ड्रायव्हर ओरडे, "मांगे सरका!" सगळे उतारू मागच्या बाकांवर जाऊन बसत. बायका, कोंबड्यांच्या टोपल्या, गुळाच्या भेल्या, सगळे मागे. मागच्या चाकांवर वजन पडले की ती वाळूत घट्ट धरत. चढावर तर भार आपोआपच मागे जाई आणि गाडी सरळ वर जाई. ही रीत शहाणपणाची होती. फक्त ती माझ्यासाठी नव्हती.

पहिल्याच खेपेला आप्पा आणि त्यांचा जुना सालदार गडी लोटन सवयीने मागे सरकले. माझी पुढची चाके हलकी झाली आणि वाळूत जागच्या जागी फिरू लागली. दोन तास मी तेथे रुतले होते. भटू खाली उतरला, चाकांकडे बघत बसला, आणि मग लोटनला म्हणाला, "लोटनबा, तू पुढे मडगार्डवर बठ."

"पुढे? मी काय वारा खावाले ऊनू का?"

"बठ ते खरं."

लोटन एका मडगार्डवर आणि आप्पा दुसऱ्यावर बसले. मी एका दमात बाहेर निघाले. आप्पांचे धोतर वाळूने भरले. पण ते खूश होते.

चढ वाळूपेक्षा कठीण निघाला. चढावर गाडीचे वजन मागे झुकते, म्हणजे माझ्या ओढणाऱ्या चाकांवरून निघून जाते. तीन वेळा मी अर्ध्या वाटेवरून घसरत खाली आले. चौथ्या वेळी भटूने मला खाली वळवले, तोंड नदीकडे केले आणि मागच्या गिअरमध्ये पाठमोरी वर चढवली. आता पुढची चाके उताराच्या बाजूला होती, सगळा भार त्यांच्यावर होता. मी शांतपणे वर गेले. त्या दिवसापासून प्रत्येक खेपेला मी तो चढ पाठमोरीच चढले. गावातल्या लोकांनी मला नाव ठेवले, खेकडा.

सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर गिरधर हा भटूचा जुना उस्ताद. त्याने हे नाव तालुकाभर केले. नंदुरबारच्या चहाच्या दुकानात तो सगळ्यांसमोर भटूला म्हणाला, "काय रे, तुन्हा खेकडा कसा शे? मन्ही गाडी मांगून ढकलस, तुन्ही पुढून वढस. हाई कोठली रीत शे?"

भटू चहा फुंकत म्हणाला, "गिरधरदादा, बैल गाडाले कोठे जुपतस? पुढे का मांगे?"

दुकान हसले. गिरधरही हसला, पण कान त्याचे लाल झाले.

ते माझे चांगले दिवस होते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर सर्व्हिस मोटारींची शेपटी डावी-उजवी जाई आणि त्या खड्ड्यात बसत. मी मात्र बैलासारखी पुढून ओढत सरळ निघून येई. माझ्या तळाखालून दांडा जात नव्हता, म्हणून मी जमिनीलगत होते आणि वळणावर डगमगत नव्हते. शहाद्याच्या बाजारात लोक वाकून माझ्याखाली बघत आणि विचारत, दांडा कुठे आहे? लोटन त्यांना उत्तर देई. तो रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसे. एकदा पुसता पुसता त्याने भटूला विचारले, "हिना जीव कोठे शे रे?"

"पुढे. सगळा जीव पुढे शे, लोटनबा. मांगला चाकं नुसता संगे येतस."

लोटनने ते ऐकले आणि त्यानंतर माझे नाक तो जरा जास्त वेळ पुसू लागला. ऐकणे आणि अंगात मुरणे यांत मात्र अंतर असते. हातांना जी सवय वीस वर्षांची असते, ती एका वाक्याने जात नाही.

१९३९ च्या वैशाखात आप्पांच्या मुलाचे लग्न रनाळ्याच्या मीनाशी झाले. लग्न रनाळ्याला लागले आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परत निघाले. पुढे गिरधरची सर्व्हिस मोटार, तिच्यात वऱ्हाडी. मागे मी. माझ्यात भटूशेजारी आप्पा, मागे नवरदेव, नवरी आणि आप्पांची आई सुगंधाबाई. लोटन पायरीवर उभा होता. माझ्या पाठीमागे दोरांनी एक लोखंडी पेटी बांधली होती. तिच्यात नवरीच्या आंदणाची पितळी भांडी होती. ती पेटी सर्व्हिस मोटारीवर ठेवावी असे भटू रनाळ्यालाच म्हणाला होता. पण आंदण नवरीच्या मागेच असले पाहिजे, असे सुगंधाबाईंनी ठरवले.

वाटेत मीना काही बोलली नाही. नवी नवरी सासरच्या मोठ्या माणसांसमोर बोलत नसे. ती पदराआडून भटूचे हात बघत होती. गाडी वाळूत आली, तेव्हा भटूने लोटनला नेहमीप्रमाणे मडगार्डवर बसवले, आणि आपण होऊन सांगितले, "वहिनी, भ्याऊ नका. हाई गाडी पुढून वढस, म्हनीसन भार पुढे लागस." तेवढेच तो तिच्याशी बोलला.

पाणी ओलांडून आम्ही चढाखाली आलो. वर सगळे गाव उभे होते. वाजंत्री सुरू होती. गिरधरची गाडी ओल्या चाकांनी सरळ वर गेली आणि चढावरची चिकणमाती आणखी बुळबुळीत करून गेली. भटूने मला थांबवले आणि नेहमीसारखे तोंड नदीकडे वळवायला सुरुवात केली.

सुगंधाबाई मागून म्हणाल्या, "हाई काय करी ऱ्हायना तू?"

"गाडी फिरावस माय. मांगेमांगे चढस ना ती."

"आज नही. नवी नवरी पाठमोरी गावमां आनतस का कोठे? घरले पाठ करीसन?"

भटू आप्पांकडे पाहू लागला. वरून गिरधर ओरडला, "भटू! आज तरी खेकडाले माणूस कर!" वरची माणसे हसली. वाजंत्रीवाल्यांनी जोर केला.

आप्पा म्हणाले, "आज सरयच घे, भटू. सगळं गाव देखी ऱ्हायनं."

"आप्पा, सरय नही चढनार ती." भटूची जीभ अडखळू लागली. "भा-भार मांगे जास. मांगे पेटी शे. नवरीले खाले उतारा, नहीते पेटी तरी काढा."

"नवरी गावनी शीवमां पायी येवाव नही," सुगंधाबाई म्हणाल्या.

"घे म्हनस ना मी," आप्पा म्हणाले. "ढकलाले मानसं शेतस."

भटूने दाराच्या खिशातल्या मेणकापडावर हात ठेवला. मग माझे तोंड चढाकडे केले.

मित्रांनो, पुढे जे झाले ते मी जसे झाले तसेच सांगते. मी साधारण अर्धा चढ चढले. तेथे माझी पुढची चाके फिरू लागली. लोटन मडगार्डवरून उतरून मागे धावला, आणि त्याने व वरून उतरलेल्या चौघांनी मागून खांदा लावला. ती त्यांची जुनी रीत होती. कोणीतरी ओरडले, "मांगे भार द्या!" आणि त्यांतले दोन जण पेटीवर चढून बसले. भटू दारातून मान बाहेर काढून ओरडत होता, "नका! मांगे नका! पुढे या!" पण वाजंत्रीत ते कोणाला ऐकू गेले नाही. माझे नाक हलके झाले. चाके मातीवर नुसतीच फिरली आणि मग मी मागे सरकू लागले. ब्रेक लागला. चाके थांबली, पण मी थांबले नाही. ओल्या चिकणमातीवर मी तशीच घसरत गेले.

डाव्या हाताला खाली खोल डोह होता. भटूने चाक पूर्ण वळवून माझी पाठ उजवीकडच्या दरडीत घातली. त्यामुळे मी डोहात गेले नाही. आत बसलेली माणसे वाचली. पेटीवरच्या दोघांनी उड्या मारल्या. बाकीचे ढकलणारे बाजूला झाले. लोटनचा पाय बैलगाडीच्या चाकोरीत अडकला. तो माझ्या आणि दरडीच्या मध्ये सापडला.

तिसऱ्या दिवशी नंदुरबारच्या दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

शहाद्याहून फौजदार पंचनाम्याला आले. मी दरडीला तशीच टेकून उभी होते. त्यांनी माझ्या पायरीवर बसून कागद काढला आणि भटूला विचारले, "हा चढ तू नेहमी कसा चढवतोस?"

"मांगेमांगे, साहेब."

"मग त्या दिवशी सरळ का घेतलीस? कोणी सांगितलं?"

मी वाट पाहत होते. आप्पा पाच हातांवर उभे होते, खाली मान घालून. गावकरी गोल करून उभे होते. त्या गर्दीत दोन दिवसांपासून एक कुजबुज चालू होती. नवरी वेशीशी आली आणि माणूस गेला, म्हणजे पोरगी पांढऱ्या पायाची. भटूने ती ऐकली होती. नवरी पाठमोरी नको म्हणून गाडी सरळ घेतली, असे त्याने सांगितले असते, तर ती कुजबुज पंचनाम्यात चढली असती आणि जन्मभर मीनाच्या मागे लागली असती.

"कोनी नही, साहेब," भटू म्हणाला. या वेळी तो अजिबात अडखळला नाही. "मीच घिदी. चूक मन्ही शे. गाडी बी खराब शे. पोरीना काही संबंध नही."

"पोरीचं मी विचारलंच नाही," फौजदार म्हणाले आणि लिहू लागले.

आप्पा बोलले नाहीत. फौजदारांनी लायसन मागितले. भटूने दाराच्या खिशातून मेणकापड काढले, त्याच्या घड्या उलगडल्या, पुस्तक त्यांच्या हातात दिले. मेणकापडाची पुन्हा तशीच घडी केली आणि दाराच्या खिशात ठेवून दिली. लायसन परत मिळाले नाही. भटूला तीन महिन्यांची सजा झाली. सुटल्यावर तो प्रकाशाला आला नाही. नवापूरच्या बाजूला गेला, असे लोक म्हणत.

गावाने त्याचे म्हणणे मान्य केले. अपशकुनी मीना नाही, अपशकुनी गाडी, असे ठरले. मला बैल लावून ओढत आणले आणि खळ्याच्या कडेला कडुनिंबाखाली उभे केले. त्याच वर्षी युद्ध सुरू झाले. पेट्रोल कूपनावर मिळू लागले, माझे सुटे भाग मिळेनासे झाले. पण ती सगळी नंतरची कारणे. कोणी माझ्यात बसायलाच तयार नव्हते. पहिल्या वर्षी कोंबड्या बसल्या. दुसऱ्या वर्षी गादीतला काथ्या उंदरांनी नेला. सुगंधाबाई वारल्या, तेव्हा त्यांची तिरडी माझ्या जवळून गेली आणि लोकांनी माझ्याकडे पाहणे टाळले. आप्पा खळ्यात येत. पण माझ्या बाजूच्या वाटेने येत नसत.

फक्त मीनाबाई येत. वर्षातून एकदोनदा, दुपारी, माणसे जेवून पडलेली असताना. त्या माझे नाक पदराने पुसत, आणि निघून जात. काही बोलत नसत.

सात वर्षे अशी गेली. गेल्या महिन्यात आप्पांनी मला भंगारात काढले. न्यायला गिरधर आला. त्याची सर्व्हिस मोटार मोडीत निघाली होती आणि तो आता भंगारवाल्याची लॉरी चालवत होता. केस पांढरे झाले होते. त्याच्याबरोबर चार मजूर होते. ते माझ्या मागे गेले आणि रेटू लागले. सात पावसाळ्यांच्या मातीत माझी पुढची चाके रुतली होती. मी हलले नाही.

"अजून जोर!" गिरधर म्हणाला.

"मांगून नका." घराच्या दारातून आवाज आला. मीनाबाई बाहेर आल्या होत्या. खळ्यात आप्पा बसले होते, तरी त्या थांबल्या नाहीत. "पुढून वढा. हिना जीव पुढे शे."

सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. मीनाबाईंनी आप्पांकडे तोंड केले. सासऱ्यांशी त्या चारचौघांत पहिल्यांदा बोलत होत्या.

"आप्पा, भटूनी चूक नव्हती. त्यानी तीनदा सांगं. पेटी काढा म्हने, माले उतारा म्हने. मी मांगे बठेल व्हती. मी सगळं ऐकेल व्हतं."

आप्पांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "माले माहीत शे, बेटा. तुन्हं नाव येवाले नको म्हनीसन तो गप ऱ्हायना. नि मी... मी कसाले गप ऱ्हायनू, ते मीच जानस."

"मंग आते त्याले बलावा. साहेबले कागद लिखा. लायसन परत दी सरकार." मीनाबाई गिरधरकडे वळल्या. "दादा, तुमले माहीत शे ना तो कोठे शे?"

गिरधरने डोक्याची टोपी काढली. "वहिनी, भटू मरी गया. नवापूरले, लाकडाना वखारमां हमाली करे. गया पावसाळामां थंडीताप ऊना." मग तो म्हणाला, "त्या दिन वरथीन मीच वरडनू व्हतू. खेकडा म्हनीसन."

मीनाबाई माझ्याजवळ आल्या. गंजलेले दार त्यांनी ओढून उघडले आणि खिशात हात घातला. मेणकापड तेथेच होते. उंदरांनीही त्याला तोंड लावले नव्हते. त्यांनी घडी उलगडली. आत काही नव्हते. पण कापडावर पुस्तकाच्या चार कडा अजून उमटलेल्या होत्या. त्यांनी ते पुन्हा तसेच घडी करून पदराला बांधले.

मग मजुरांनी पुढून दोर लावला. सात वर्षांनी मी जागची हलले.

मित्रांनो, मी आता येथे वॅगनची वाट पाहत उभी आहे. मागून ढकलणारी गाडी चांगली की पुढून ओढणारी, असे मला विचाराल, तर मी सांगेन की दोन्ही चांगल्या. माझ्या शेजारी पडलेल्या, गिरधरच्या मोटारीच्या त्या दांड्याने तीच वाट सरळ चढून दाखवली होती. वस्तू पुसून लख्ख ठेवता येते, पण तेवढ्याने ती कळत नाही. लोटनने मला रोज पुसले, तरी वेळ आली तेव्हा तो माझ्या मागे उभा राहिला. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या हाताखाली जी वस्तू येईल, तिचा जीव कोठे आहे ते आधी विचारून घ्या. आणि ज्याला ते माहीत आहे, त्याची जीभ अडखळत असली, तरी वाजंत्री थांबवून त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. त्या दिवशी त्या चढावर तेवढाच वेळ लागला असता.